‘एचडीडी कंट्रोलर फेल्युअर’ : जुना पीसी जुळवताना हार्ड डिस्क सापडत नसेल तर

मेमरी मोजून होते, फ्लॉपी ड्राइव्ह खर्रर्र आवाज करतो आणि मग मशीन गप्प होतं. थोड्या वेळाने काळ्या पडद्यावर ओळ उमटते : ‘एचडीडी कंट्रोलर फेल्युअर’, म्हणजे हार्ड डिस्क हाताळणारा कंट्रोलर निकामी. ३८६ किंवा ४८६ प्रोसेसरचं जुनं मशीन जुळवणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाला ही ओळ कधी ना कधी भेटते, आणि ती वाचून बहुतेक जण दुसरं कंट्रोलर कार्ड शोधायला निघतात. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या जुन्या बाजारात तसलं कार्ड आता सहज हाती लागत नाही, आणि लागलं तरी ते चालू असेल याची खात्री नसते. माझं सांगणं एवढंच आहे की कार्डाकडे सगळ्यात शेवटी वळा. दुखणं बहुधा त्याच्या आधीच कुठेतरी सापडतं.

अशी मशीन आज जुळवणाऱ्यांची कारणं खरी असतात. कुणाला डॉसवरचे गेम त्यांच्या मूळ वेगात खेळायचे असतात. कुणाच्या छापखान्यात नव्वदच्या दशकातल्या मराठी मजकुराच्या फायली पडून असतात, आणि त्या ज्या सॉफ्टवेअरमध्ये केल्या ते पॅरलल पोर्टला डोंगल (सॉफ्टवेअरची किल्ली असलेलं छोटं उपकरण) लावल्याशिवाय उघडत नाही. पुण्याच्या सी-डॅकचं, भारतीय लिप्यांसाठीचं जिस्ट कार्ड चालवून बघायचं तर आयएसए स्लॉट (जुन्या पद्धतीची कार्डं बसवायची खाच) असलेला मदरबोर्डच लागतो. ही सगळी कामं शेवटी हार्ड डिस्कपाशी येऊन अडतात, म्हणून तिथे नेमकं काय घडतं ते नीट समजून घेऊ.

कंट्रोलर असतो कुठे?

१९८३ मध्ये आयबीएमने पीसी-एक्सटी बाजारात आणला. त्यात १० एमबीची हार्ड डिस्क होती आणि तिचा कंट्रोलर खरोखरच वेगळ्या कार्डावर होता. डिस्ककडे स्वतःची बुद्धी फारशी नव्हती. मोटर फिरवायची, हेड मागेपुढे सरकवायचं आणि वाचलेला सिग्नल कार्डाकडे पाठवून द्यायचा, एवढंच तिचं काम. त्या सिग्नलमधून शून्य आणि एक वेगळे काढणं, हवा तो सेक्टर (माहितीचा ठरावीक तुकडा) ओळखणं, चूक पकडणं हे सगळं कार्ड करायचं. कार्डापासून डिस्कपर्यंत दोन केबल जायच्या, एक ३४ तारांची आणि एक २० तारांची. या जातीच्या डिस्कना एमएफएम किंवा आरएलएल म्हणतात. त्या मशीनवर १७०१ हा आकडा पडद्यावर आला की हार्ड डिस्कच्या तपासणीत गडबड आहे असं समजायचं, आणि त्यात कार्डाचाही तेवढाच संशय असायचा. शिवाय डिस्क ज्या कार्डावर लो-लेव्हल फॉरमॅट केली, म्हणजे तिच्यावर सेक्टर आखले असतील, ते कार्ड बदलून दुसऱ्या जातीचं लावलं तर तिच्यावरची माहिती बहुधा वाचता येत नाही. त्यामुळे एमएफएम डिस्क मिळाली तर तिचं कार्डही सोबत मागून घ्या.

१९८६ च्या सुमारास वेस्टर्न डिजिटल आणि कॉम्पॅक यांच्या प्रयत्नातून हा कंट्रोलर उचलून थेट डिस्कच्या पोटाखालच्या सर्किट बोर्डवर नेला गेला. आयडीई म्हणतात ती हीच पद्धत. आता एकच ४० पिनांची केबल पुरेशी झाली. ४८६ मध्ये आपण ज्याला ‘आयडीई कंट्रोलर कार्ड’ म्हणतो, त्या मल्टी आय-ओ कार्डावर हार्ड डिस्कसाठी फार काही नसतं. पत्ता ओळखणारी थोडी सर्किटरी आणि सिग्नल पुढे ढकलणारे बफर, बस. उरलेली जागा फ्लॉपी, सिरियल पोर्ट, पॅरलल पोर्ट आणि गेम पोर्ट घेतात. ज्या भागात बिघडण्यासारखं थोडंच आहे तो क्वचित बिघडतो.

बायोसमधला, म्हणजे मशीन सुरू होताना भाग तपासणाऱ्या मदरबोर्डवरच्या प्रोग्रॅममधला, संदेश मात्र जुनाच राहिला. त्याचा खरा अर्थ इतकाच : ‘मी ठरलेल्या पत्त्यावर विचारलं, ठरलेल्या वेळात उत्तर आलं नाही.’ विचारणा बायोसच्या सेटिंगमधून निघते, कार्डातून आणि केबलमधून जाते, डिस्कच्या सर्किट बोर्डवर पोहोचते आणि त्याच वाटेने उत्तर परत येतं. ती कुठे हरवली, हे शोधणं म्हणजेच दुरुस्ती.

आधी माहिती, मग मशीन

डिस्क जुनी असेल आणि तिच्यात कुणाच्या फायली असण्याची शक्यता असेल, तर ती सापडत नाही म्हणून एफडिस्क (डिस्कची विभागणी करणारा डॉसचा प्रोग्रॅम) चालवू नका आणि फॉरमॅट मारू नका. आयडीई डिस्कवर लो-लेव्हल फॉरमॅट तर मुळीच नको. सेटिंग चुकलेलं असताना केलेलं लिखाण भलत्याच जागी जाऊन पडतं आणि ते परत फिरवता येत नाही.

अशा वेळी अनेक जण डिस्क यूएसबी अडॅप्टरला लावून लॅपटॉपवर बघतात. तिथेही ती दिसली नाही की ‘डिस्क मेली’ असा निकाल लागतो. हा निकाल घाईचा आहे. बाजारातले बरेचसे यूएसबी अडॅप्टर डिस्कशी फक्त एलबीए पद्धतीने, म्हणजे सेक्टरला एकच सलग क्रमांक देऊन बोलतात. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीच्या कित्येक डिस्कना ही पद्धत कळतच नाही. त्यांना सिलिंडर, हेड आणि सेक्टर असा तीन आकड्यांचा पत्ता लागतो. त्यामुळे उत्तम स्थितीतली डिस्कही अडॅप्टरवर मुकी राहते. तिच्यासाठी खरा आयडीई पोर्ट असलेला पेंटियमच्या काळातला एखादा बोर्ड शोधा, त्यावर लिनक्स चालवा आणि डीडीरेस्क्यू या माहिती वाचवणाऱ्या प्रोग्रॅमने डिस्कची पूर्ण प्रत काढून घ्या. पुढचे सगळे प्रयोग त्यानंतर.

केबल आणि जंपर

प्रत्येक बदल एकेकटा करायचा. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर मशीन चालू होईलही, पण कशाने चालू झालं ते कळणार नाही आणि महिन्याभराने तोच प्रश्न पुन्हा उभा राहील.

सुरुवात हार्ड डिस्क आणि सीडी ड्राइव्ह दोन्ही काढून करा. मशीन फ्लॉपीवरून सुरू होतं का ते पाहा. डिस्क नसतानाही मशीन अडकत असेल तर प्रश्न डिस्कचा नाही. डिस्क नसताना नीट चालतं आणि डिस्क जोडली की लटकतं, तर केबलपासून तपासायला लागा.

सर्वांत सोपी खूण म्हणजे हार्ड डिस्कचा लाइट. वीज दिल्यापासून तो न लुकलुकता सतत पेटलेला असेल, तर केबल एका टोकाला उलटी बसली असण्याची दाट शक्यता असते. याचं कारण पिनांच्या क्रमात आहे. केबल उलटी बसली की १ नंबरची पिन ४० शी आणि २ नंबरची ३९ शी जोडली जाते. १ म्हणजे रीसेट, ३९ म्हणजे लाइटचा सिग्नल, आणि २ व ४० या दोन्ही ग्राउंड. रीसेट पिन ग्राउंडला टेकली की डिस्क कायम रीसेटमध्ये अडकून पडते, आणि लाइटची पिन ग्राउंडला टेकल्यामुळे लाइट विझत नाही. सुदैवाने यात सहसा काही जळत नाही. केबलच्या कडेची लाल तार दोन्ही बाजूंना १ नंबरच्या पिनेकडे आहे का, एवढं पाहायचं. कार्डावर पिनांभोवती प्लॅस्टिकची चौकट नसेल तर कनेक्टर एक पिन सरकूनही बसतो. तेव्हा टॉर्च लावून दोन्ही टोकं मोजून घ्या.

नंतरच्या काळात उलटं बसू नये म्हणून २० नंबरची पिन काढून टाकली आणि केबलचं तेवढं छिद्र बुजवलं. पण जुन्या कार्डांवर पूर्ण ४० पिना असतात. तिथे अशी केबल जबरदस्तीने दाबली तर पिन वाकते. छिद्र मोकळं असलेली साधी जुनी केबल शोधणं हाच सरळ मार्ग. लांबीही बघा : आयडीई केबल १८ इंचांपेक्षा, म्हणजे सुमारे ४६ सेंटिमीटरपेक्षा लांब नको. उंच कॅबिनेटसाठी विकल्या जाणाऱ्या लांब केबल बऱ्याचदा अधूनमधून दगा देतात, आणि अधूनमधून येणारा दोष शोधायला सगळ्यात कठीण.

जंपर म्हणजे दोन पिना जोडणारी छोटी टोपी. त्याचं गणित वरवर साधं दिसतं. एका केबलवर दोन ड्राइव्ह असतील तर एक मास्टर, दुसरा स्लेव्ह. पण वेस्टर्न डिजिटलच्या जुन्या डिस्कवर ‘एकटी’ आणि ‘सोबत स्लेव्ह असलेली मास्टर’ अशा दोन वेगळ्या स्थिती असतात. एकटीच डिस्क असताना जंपर दुसऱ्या स्थितीत ठेवला तर ती नसलेल्या जोडीदाराची वाट पाहत बसते आणि तोवर बायोसचा धीर संपतो. ‘केबल सिलेक्ट’ ही स्थिती जुन्या मशीनवर टाळाच. साध्या ४० तारांच्या केबलमध्ये त्यासाठीची सोय नसते, त्यामुळे दोन्ही ड्राइव्ह स्वतःची ओळख एकच सांगतात. शिवाय वेगवेगळ्या कंपन्यांच्या काही जुन्या डिस्क एकाच केबलवर नांदतच नाहीत. प्रत्येकीला एकटीला लावून पाहिल्याशिवाय हे कळत नाही.

आणखी एक साधी गोष्ट. थंड मशीनला वीज दिल्यावर डिस्क सापडत नाही, पण रीसेट बटण दाबल्यावर लगेच सापडते, असं होत असेल तर डिस्कला पूर्ण वेग घ्यायला वेळ कमी पडतोय. बायोसमध्ये थांबण्याचा वेळ वाढवायची सोय असेल तर ती वापरा. नसेल तर मेमरीची पूर्ण तपासणी चालू ठेवा, तेवढेच काही सेकंद मिळतात. तरीही डिस्क दमत असेल तर एसएमपीएसचा, म्हणजे वीज पुरवणाऱ्या डब्याचा, १२ व्होल्टचा पुरवठा मीटरने मोजा, कारण मोटर त्यावरच फिरते.

सेल, आणि आकड्यांचा घोळ

माझ्या मते जुन्या मशीनवरच्या ‘कंट्रोलर’ तक्रारींचं मोठं कारण इथे आहे. ४८६ पूर्वीचे बरेच बायोस डिस्क स्वतः ओळखत नाहीत. तिचे आकडे आपण भरायचे, आणि ते सीमॉसमध्ये, म्हणजे सेटिंग जपणाऱ्या छोट्या मेमरीत, सेलच्या जोरावर टिकतात. सेल गेला की आकडे गेले, आणि चांगली डिस्क ‘फेल’ ठरते. मशीन बंद करून पुन्हा सुरू केल्यावर तारीख मागे गेली असेल तर आधी सेलचं बघा.

त्या काळच्या अनेक बोर्डांवर निकेल-कॅडमियमची, पिंपासारखी दिसणारी बॅटरी थेट सोल्डर केलेली असते. ती हमखास गळते आणि तिच्यातला अल्कली आजूबाजूच्या तांब्याच्या रेषा खातो, बहुधा कीबोर्डच्या कनेक्टरजवळ. हिरवट-निळसर थर दिसला की बॅटरी कापून काढा, जागा पांढऱ्या व्हिनेगरने पुसा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने स्वच्छ करा आणि पूर्ण वाळू द्या. खाल्लेली रेष आयएसए स्लॉटकडे जाणारी असेल तर कार्ड दगडासारखं गप्प राहतं आणि दोष कार्डावर येतो.

आता आकडे. डिस्कवरच्या लेबलवर सिलिंडर, हेड आणि सेक्टर छापलेले असतात. सीगेटच्या एसटी३१४४ए या १३० एमबीच्या डिस्कसाठी ते १००१, १५ आणि १७ असे आहेत. तिघांचा गुणाकार करून ५१२ ने गुणलं की डिस्कचा आकार बाइटमध्ये येतो. एएमआय बायोसमध्ये हे आकडे ‘टाइप ४७’ निवडून भरायचे. काही २८६ बोर्डांवर ४७ नंबर नसतोच, फक्त ठरावीक प्रकारांची यादी असते. तिथे आपल्या डिस्कपेक्षा लहान, पण कोणताही आकडा तिच्या आकड्यापेक्षा जास्त नसलेला प्रकार निवडावा लागतो.

डिस्क मोठी असली की भिंती आडव्या येतात. बायोसला जास्तीत जास्त १०२४ सिलिंडर मोजता येत होते, आयडीईला १६ हेड, आणि सेक्टर ६३. दोन्हीकडची लहान मर्यादा घेऊन गुणाकार केला तर ५२ कोटी ८४ लाख बाइट, म्हणजे ५०४ एमबी. १९९४ च्या आसपासच्या आणि त्याआधीच्या बहुतेक बायोसची हीच हद्द. तिच्यापुढे नेण्यासाठी बायोस आकड्यांचं रूपांतर करायला लागला : सिलिंडर कमी दाखवायचे, हेड वाढवून दाखवायचे. त्याने ८.४ जीबीपर्यंत मजल गेली. पुढे काही बायोस ३३.८ जीबीच्या वरची डिस्क पाहून लटकायचे, म्हणून बऱ्याच डिस्कवर त्यांचा आकार ३२ जीबी सांगणारा जंपर दिला गेला. त्यानंतरची हद्द १३७ जीबीची.

या रूपांतरात एक धोका आहे. बायोसमध्ये ‘नॉर्मल’, ‘लार्ज’ आणि ‘एलबीए’ असे पर्याय असतात. एका पर्यायावर फॉरमॅट केलेली डिस्क दुसऱ्यावर लावली तर ती रिकामी किंवा विस्कटलेली दिसते. जमीन तीच असते, गट नंबर तेवढे नव्याने पाडलेले असतात. जुना सातबारा घेऊन गेलं तर भलत्याच शेतात पोहोचायला होतं. म्हणून परक्या मशीनमधली डिस्क ‘मिसिंग ऑपरेटिंग सिस्टिम’ म्हणाली तर आधी हे तीन पर्याय एकेक करून पाहा, आणि तोवर तिच्यावर काहीही लिहू नका.

या सगळ्यातून सुटायचा चांगला मार्ग म्हणजे एक्सटीआयडीई युनिव्हर्सल बायोस. हा मुक्त स्रोत बायोस एका छोट्या ईप्रॉम किंवा ईईप्रॉम चिपमध्ये भरायचा आणि ती चिप आयएसए नेटवर्क कार्डाच्या बूट-रॉमच्या रिकाम्या सॉकेटमध्ये बसवायची. मशीन सुरू होताना हा बायोस डिस्क स्वतः शोधतो आणि जुन्या बायोसच्या मर्यादा बाजूला राहतात. मूळ बायोसमध्ये मात्र हार्ड डिस्क ‘नन’ ठेवायची, नाहीतर दोघेही तीच डिस्क हाताळायला जातात. डॉस ६.२२ चं पार्टिशन तरीही २ जीबीच्या वर जाणार नाही. ती हद्द फॅट-१६ या त्याच्या फायली मांडण्याच्या पद्धतीची आहे.

हे जमलं की डिस्कच्या जागी कॉम्पॅक्टफ्लॅश कार्डही लावता येतं. ते मुळातच आयडीईची भाषा बोलतं, त्यामुळे अडॅप्टर म्हणजे जवळजवळ नुसता कनेक्टर. मात्र काही कार्डं स्वतःची ओळख ‘काढता येणारी डिस्क’ अशी देतात, आणि तिथे काही सिस्टिम अडतात. औद्योगिक वापराची कार्डं यात जास्त भरवशाची.

आता कार्ड

इथवर सगळं ठीक असेल तर कार्डावर या. ते १६ बिटांच्या स्लॉटमध्येच आहे ना ते पाहा. आयडीईचा इंटरप्ट (प्रोसेसरचं लक्ष वेधणारा सिग्नल) १४ हा स्लॉटच्या मागच्या, लहान तुकड्यात असतो. कोकणात किंवा मुंबईत राहिलेल्या बोर्डांवर दमट खाऱ्या हवेने संपर्क काळे पडलेले असतात. कार्डाच्या कडेवर पांढरं खोडरबर हलक्या हाताने फिरवून अल्कोहोलने पुसलं की बरीच ‘मेलेली’ कार्डं उठतात.

नंतर पत्त्यांची टक्कर. पहिला आयडीई मार्ग १एफ० या पत्त्यावर आणि इंटरप्ट १४ वर, दुसरा १७० वर आणि इंटरप्ट १५ वर असतो. बोर्डवर आयडीई असताना मल्टी आय-ओ कार्डही लावलं आणि कुठलंच बंद केलं नाही, तर दोघे एकाच पत्त्यावर उत्तर देतात. जुन्या साउंड कार्डांवर सीडी ड्राइव्हसाठी आयडीई पोर्ट असतो, तो तर हमखास विसरला जातो. जंपरची माहिती कार्डावर छापलेली नसेल तर ‘टोटल हार्डवेअर ९९’ या जुन्या संग्रहात बहुतेक कार्डांच्या आकृत्या मिळतात.

व्हीएलबी कार्ड, म्हणजे ४८६ वरच्या वेगवान स्लॉटचं कार्ड, असेल तर बसचा वेग पाहा. ३३ मेगाहर्ट्झवर ती शांत चालतात. ४० वर, म्हणजे डीएक्स२-८० किंवा डीएक्स४-१२० सारख्या प्रोसेसरसोबत, काही कार्डं चुका करू लागतात, आणि ५० वर फारच कमी टिकतात. बोर्डवर वेट स्टेटचा, म्हणजे बसला किंचित थांबवणारा, जंपर असतो, तो लावून बघा. खात्रीसाठी वेग तात्पुरता ३३ वर आणा. दोष गेला तर कार्ड बिघडलेलं नाही.

काही चिप मात्र जन्मतःच सदोष होत्या. १९९५ मध्ये उघड झालं की आरझेड१००० आणि सीएमडी६४० या पीसीआय आयडीई चिप ठरावीक परिस्थितीत, कुठलाही संदेश न देता, माहिती बिघडवतात. मशीन चालतं, डिस्क सापडते, आणि फायली हळूहळू सडतात. बोर्डवर ही नावं दिसली तर त्या पोर्टवर मोलाचं काही ठेवू नका. वेगळं कार्ड लावून बोर्डवरचा आयडीई बंद करा.

२००० नंतरचे बोर्ड

विंडोज एक्सपीच्या काळातल्या मशीनवर कंट्रोलर मदरबोर्डच्या चिपसेटमध्ये असतो आणि तक्रारींचं रूप बदलतं. एका मशीनमधली एक्सपी असलेली डिस्क दुसऱ्यात लावली आणि निळ्या पडद्यावर ७बी हा आकडा आला, तर एक्सपीकडे नव्या कंट्रोलरचा ड्रायव्हर नाही असं समजा. साटा (आयडीईनंतरच्या पद्धतीच्या) डिस्कवर एक्सपी टाकताना डिस्कच दिसत नसेल तर बायोसमध्ये एएचसीआयऐवजी आयडीई पर्याय निवडा, किंवा सुरुवातीलाच एफ६ दाबून फ्लॉपीवरून ड्रायव्हर द्या.

मशीन अचानक गोगलगाईसारखं झालं तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये जाऊन मार्ग ‘पीआयओ’ या संथ पद्धतीवर घसरलाय का ते पाहा. पुन्हापुन्हा चुका आल्या की एक्सपी स्वतःहून वेगवान डीएमए पद्धत सोडून देतो आणि परत येत नाही. तो आयडीई चॅनल अनइन्स्टॉल करून मशीन पुन्हा सुरू केलं की वेग परततो, पण चुका कशामुळे आल्या ते शोधायलाच हवं. डिस्क स्वतःच्या तब्येतीची जी ‘स्मार्ट’ नोंद ठेवते, त्या माहितीत १९९ नंबरचा, सीआरसी चुकांचा आकडा वाढत असेल तर संशय केबलवर घ्या. ५ आणि १९७ हे आकडे वाढत असतील तर डिस्कचा पृष्ठभागच खराब होतोय. यूडीएमए-६६ आणि त्यापुढच्या वेगांना ८० तारांची केबल लागते : निळं टोक बोर्डला, काळं मास्टरला, मधलं करडं स्लेव्हला.

आणि व्हीआयएच्या व्हीटी८२३७ किंवा व्हीटी६४२० या चिप असलेल्या बोर्डला नवी साटा डिस्क लावली, ती फिरते पण बायोसला दिसतच नाही, असं झालं तर बोर्ड भंगारात देऊ नका. या चिपना ३ गीगाबिटच्या डिस्कशी वेग ठरवताच येत नाही. अनेक साटा डिस्कच्या मागच्या बाजूला चार-आठ बारीक पिना असतात. लेबलवरची आकृती पाहून त्यातल्या योग्य जोडीवर छोटा जंपर लावला की डिस्क १.५ गीगाबिटवर उतरते आणि बायोसच्या यादीत तिचं नाव येतं.